खालचा खण

१

कोशकारांनी कपाटाचा सगळ्यात खालचा खण नेहमीसारखा दोन्ही हातांनी जोर लावून ओढला. आत वजनच नव्हतं, त्यामुळे तो सर्रकन बाहेर आला आणि खणासकट कोशकार मागे आपटले.

खालच्या मजल्यावर फौजदारबाई चहा गाळत होत्या. डोक्यावर धप्प झालं तशी त्यांनी गाळणं कपावर तसंच सोडलं आणि जिना चढल्या. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण आवाज आला की धावायची खोड काही सुटली नव्हती. वर दार उघडंच होतं. घरात सुतक होतं, माणसांची ये-जा होती, त्यामुळे हल्ली ते बंद होतच नव्हतं.

म्हातारे जमिनीवर बसले होते, मांडीवर रिकामा खण घेऊन. लागलं काहीच नव्हतं, पण चेहरा पार उतरला होता.

“‘ग’ गेला,” ते म्हणाले. “एक कार्ड शिल्लक नाही.”

फौजदारबाईंना हिब्रू येत नव्हती आणि अरबीचाही गंध नव्हता, पण या कपाटाचा शेजार त्यांना जुना होता. म्हातारा-म्हातारी मिळून एक कोश रचत होते. एका बाजूला हिब्रू शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा अरबीतला भाऊबंद. अरबीसुद्धा पुस्तकातली नव्हे. अरबांच्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ज्यू घरात जी अरबी बोलत आणि लिहायची वेळ आली की हिब्रू अक्षरांत लिहीत, ती. हिब्रू होती कोशकारांची, वाचून कमावलेली. अरबी होती त्यांच्या बायकोची, आईच्या मांडीवर मिळालेली. ते विचारायचे, ती सांगायची, आणि कार्ड तयार व्हायचं. खाली दोन्ही शब्दांचं मूळ आणि कोपऱ्यात शब्द कोणाच्या तोंडून मिळाला त्याची खूण. जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात एकच खूण होती, तिची.

आणि तिला तर ही मंडळी नुकतीच पोचवून आली होती.

“दुसरीकडे उतरवलं असेल ना?” बाईंनी विचारलं.

“बाकीची अक्षरं उतरवली. ‘ग’ राहिला. तिला त्यात अजून भर घालायची होती. थांबा, थांबा, म्हणत होती.” म्हाताऱ्यांचा आवाज फाटला. “आता मी कोणाला विचारू? ज्याने नेला त्याने तिला दुसऱ्यांदा मारलंय.”

दारात त्यांचा मुलगा पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करणारा, रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा माणूस. तरुणपणी घर सोडून गेलेला, तो आईच्या आजारपणातच परत आलेला. ग्लासातलं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडलं. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही.

“पोलिसांत द्यायचं का?” बाईंनी विचारलं.

“कशाला? कोणी नेलं ते मला ठाऊक आहे,” कोशकार म्हणाले. “आणि ज्यांनी तिला नोकरी दिलीय, त्यांनाही उद्या सकाळी फोन करून कळवणार आहे.”

२

“ती” म्हणजे त्यांची शिष्या. पोरवयात या घरात शब्द शिकायला आली आणि घरचीच होऊन गेली. आता लांबच्या एका विद्यापीठात तिला जागा मिळाली होती. नेमका तिथेही असाच एक कोश चालू होता. घराची किल्ली तिच्याकडे होती. एवढं पुरलं.

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. किल्ली काढून घेतल्यामुळे वर जायची चोरी, आणि पाय निघत नव्हता म्हणून खालीही जाववत नव्हतं.

“फौजदारबाई, तुम्हालाही वाटतं का, मी?”

“मला सध्या काहीच वाटत नाही. आधी सांग, तू चोरायचं ठरवलं असतंस तर कसं नेलं असतंस?”

मुलगी चिडली. मग चिडता चिडता विचार करायला लागली, आणि बाईंना ते आवडलं.

“खणासकट नेलं असतं. प्रत्येक कार्डाला खाली भोक आहे, त्यातून एक सळई जाते. सळई काढली की कार्डं सुटी झाली. एकदा घसरली की क्रम लावता लावता आयुष्य जाईल. किंमत कार्डांना आहेच, पण त्याहून जास्त क्रमाला आहे. हे ज्याला कळतं तो सळईला हात लावणार नाही.”

बाईंनी मघाशी खणात पाहिलं होतं. सळई आतच होती, कडेच्या खाचेत नीट सरळ बसवलेली. म्हणजे ज्याने कार्डं काढली त्याला घाई नव्हती, आणि क्रमाचं सोयरसुतकही नव्हतं.

“अर्थात,” शिष्या म्हणाली, “चोरानेही तुम्हाला हेच सांगितलं असतं.”

“सांगितलं असतं. पण चोर आपणहून एवढा प्रामाणिक होत नाही.”

मुलगी हसली आणि हसतानाच रडायला लागली. नोकरी गेली तरी चालेल, म्हणाली. पण सरांनी सगळ्यांसमोर किल्ली मागितली, ती देताना ज्या हाताने मी आजारपणात त्यांच्या बाईंचे पाय चेपले तोच हात त्यांनी झटकला. हे आता कसं पुसायचं?

फौजदारबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या उठल्या आणि परत वर गेल्या.

३

आजारपणात दिवसभर असायची ती नर्स आपलं सामान बांधत होती. तिचाही संशय घ्यायला हवा होता, म्हणून बाईंनी घेतला.

“कार्डं घेऊन मी काय करू? पुड्या बांधू?” नर्स फणकारली. “उलट माझीच वस्तू हरवलीय. उशांचे अभ्रे मी मोजून धुवायला देते. पांढऱ्या जोडीतला एक गायब. विचारलं तर दादा म्हणाले, राहू द्या, मी आणून देतो नवा.”

दादा म्हणजे मुलगा. “आईशी पटायचं का त्यांचं?”

“बापाशी नाही पटत. आईशी काय, फोन लागला की मायलेकरं त्यांच्या त्या भाषेत तासन्‌तास. मला एक अक्षर कळायचं नाही. आजी हसल्या की समजायचं, लेकाचा फोन.”

अभ्रा कोणी चोरत नाही. बाईंनी ते मनात बाजूला ठेवलं आणि कपाटाच्या खोलीत शिरल्या. शिरताना खिडकीखालच्या पत्र्याच्या डब्याला त्यांचा पाय लागला आणि झाकण खणखणत पडलं. आत फाटक्या, पिवळ्या पानांचा खच होता.

“रद्दी इथे का ठेवलीय?”

खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या कोशकारांनी ते उघडले. “रद्दी नाही ती. ज्या कागदावर देवाचं नाव असतं तो फाटला तरी आम्हा ज्यूंत टाकत नाहीत. जाळत नाहीत. साठवायचा आणि मग पुरायचा, माणसाला पुरतात तसा. अशा साठवणीला गनीज़ा म्हणतात.” बोलता बोलता त्यांचा आवाज जरा सावरला, शब्द भेटला की हे गृहस्थ जिवंत व्हायचे. “हिब्रूत ‘गानाज़’ म्हणजे लपवून, जपून ठेवलं. हिब्रूचा ग अरबीत गेला की ज होतो. उंट, गमाल, तिकडे जमल. पूल, गेशेर, तिकडे जिसर. तसंच गनीज़ाचं नातं. तुम्ही जनाजा म्हणता ना?”

“म्हणते की.”

“तोच. अंत्ययात्रा. मूळ एकच. त्याच्याही मागे फारसी ‘गंज’ असावा असं मानतात, म्हणजे खजिना. खजिना, अडगळ आणि प्रेत. माणसाने तिन्हींना एकच क्रियापद वापरलं, जपून झाकून ठेवणं.” ते थांबले. “हे सगळं त्या खणात होतं.”

बाई खाली बसून खण न्याहाळू लागल्या. बाकीच्या खणांना पितळी मुठी होत्या. याच्या मुठीला मात्र पांढऱ्या फितीचा, मळून राखाडी झालेला तुकडा बांधलेला होता.

“ही फीत?”

“तिने बांधलेली, लग्नानंतर लगेच. तेव्हा फाटके कागद याच खणात असायचे. भलत्याने उघडून पसारा करू नये म्हणून खूण. पुढे कोश वाढला, कपाट पुरेना, कागद डब्यात गेले आणि खणात ‘ग’ आला. फीत काढायची राहून गेली.”

“कार्डं दिसायला कशी होती? नवी कोरी?”

“छे. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. वाया गेलेले हिब्रू छपाईचे ताव कापून त्यांच्या पाठीवर लिहायचो आम्ही. कोऱ्या अंगावर आमचं अक्षर, छापील अंगावर अर्धवट कापलेल्या ओळी. पिवळे पडले होते सगळे.”

फौजदारबाई उठल्या. गुडघे कुरकुरले, पण डोक्यात काहीतरी हललं होतं. त्यांनी विचारलं, “बाईंना पोचवायचं काम कोणी पाहिलं?”

४

ते काम पाहणारे काका एरवी घड्याळं दुरुस्त करत. दुकान म्हणजे एक टेबल आणि भिंतभर टिकटिक. डोळ्याला भिंग लावूनच ते बोलले.

“सगळं रीतीप्रमाणे झालं, बाई. काही कमी पडू दिलं नाही. कागदसुद्धा दिले तिच्याबरोबर.”

“कसले कागद?”

“घरात साठलेले. विद्वान माणूस गेला की जुने पवित्र कागद त्याच्या शेजारी ठेवायचे, हा मान असतो. कोशकारांचीच इच्छा होती. मला म्हणाले, लोक मला विद्वान म्हणतात, पण या घरातली विद्वान ती होती. मला भरून आलं हो. मुलाने मग पिशवी आणून दिली. पिशवी कसली, उशीचा पांढरा अभ्रा. तोंड शिवलेलं. मी स्वतःच्या हाताने तिच्या पायांपाशी ठेवला.”

“उघडून पाहिलात?”

“कशाला पाहू? आणि आता तर कोणीच पाहणार नाही. एकदा माती दिली की आम्ही तिला हात लावत नाही. कशासाठीही.”

बाई दुकानाच्या पायरीवर आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. घरातले साठलेले कागद जर त्या अभ्र्यातून गेले असतील, तर पत्र्याचा डबा रिकामा हवा होता.

डबा तर काठोकाठ भरलेला होता.

५

मुलगा गच्चीवर वाळलेले कपडे काढत होता. आईच्या दोन साड्या त्याने वेगळ्या घडी करून कठड्यावर ठेवल्या होत्या. बाईंनी घसा खाकरला आणि वाकडीतिकडी वाट न धरता सरळच बोलल्या.

“दादा, हे कोणी केलं असेल याचा मी नुसता वजाबाकीने विचार केला. कार्डांची किंमत जाणणारा सळई काढणार नाही, म्हणजे तुमचे वडील नाहीत आणि ती मुलगीही नाही. रद्दी समजणारा अभ्रा शिवणार नाही, म्हणजे नर्स नाही. हे कागद पवित्र आहेत असं समजून कोणीतरी ते मानाने बांधले. पण पवित्र कागद खालच्या खणात असतात, हे कोणाला वाटेल? मुलगी या घरात आली तेव्हा तिथे ‘ग’ होता. नर्सने डबाच पाहिला. ते कागद पांढऱ्या फितीच्या खणात असायचे तेव्हा या घरात तीनच माणसं होती. त्यातलं एक गेलं.”

मुलाने हातातला टॉवेल घडी करायचा सोडून दिला.

“मला हिब्रू वाचता येत नाही,” तो म्हणाला. “बाबांनी जेवताना शब्दांची परीक्षा घ्यायची आणि मी चुकायचं, यात लहानपण गेलं. शेवटी मी शिकायचंच नाही असं ठरवलं. खण उघडला. पिवळे कागद, कापलेल्या ओळी, ती अक्षरं. डोळ्यांना पाणी होतं. मला वाटलं, तेच. सळई होती ती काढून ठेवली. वाटलं, आईसाठी निदान हे एक काम आपल्या हातून नीट होतंय.”

“मग मघाशी कळल्यावर बोलला का नाहीत? ती पोर तिकडे पायरीवर बसून राहिलीय.”

“सांगणार आहे. आजच. चूक माझी आहे.”

फौजदारबाईंनी आयुष्यभर कबुल्या ऐकल्या होत्या. खोटी कबुली फार गुळगुळीत असते, हे त्यांना माहीत होतं.

“कागद बरोबर द्यायची इच्छा तुमच्या वडिलांची होती,” त्या हळूच म्हणाल्या. “मग तुम्हाला सांगितलंही त्यांनीच असेल. नेमकं काय म्हणाले?”

तो कठड्याकडे तोंड फिरवून उभा राहिला. खांदे हलत होते.

“आईचा हात धरून बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘बेटा, खालच्या खणातले कागद आईबरोबर दे.’ मला बेटा म्हणाले ते. केव्हा म्हणाले होते आधी, आठवत नाही. त्या दिवशी ते त्या जुन्या घरातच होते, बाई. आई तरुण, मी लहान, खणात फाटके कागद. आणि मलाही तो डबा दिसला नाही, कारण मीही तिथेच होतो.” त्याने तोंड पुसलं. “त्यांना सांगू नका. नेणाऱ्याने तिला दुसऱ्यांदा मारलं, असं म्हणाले ना ते? ते माझ्यावर राहू दे. मी आधीच वाया गेलेला आहे. मला सवय आहे.”

बाईंनी कठड्यावरच्या साड्या उचलल्या आणि जपून छातीशी धरल्या.

६

शिष्येला वर बोलावून घेतलं. ती दाराशीच उभी राहिली. कोशकार खुर्चीत, आणि त्यांच्या समोरची बायकोची खुर्ची रिकामी.

मुलाने सांगितलं. अभ्रा, खण, सळई. थोडक्यात, खाली मान घालून. वडिलांचं वाक्य तेवढं गाळलं.

कोशकारांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उठले. “तुला कोणी सांगितलं होतं? डबा समोर आहे, भला मोठा, खिडकीखाली! खालचा खण उघडायचं तुला सांगितलं कोणी?”

“मला वाटलं.”

“कसं वाटलं? तिथे कागद असतात असं वाटायला तू काय...”

त्यांची नजर फितीवर गेली आणि तिथेच राहिली. फौजदारबाईंना एकदा वाटलं, मध्ये पडावं, काहीतरी बोलून हा क्षण पुढे ढकलावा. पण दारात ती मुलगी होती, आणि तिचंही देणं होतं.

“मी,” कोशकार म्हणाले. “मी सांगितलं. खालच्या खणातले, असं म्हणालो मी.”

“नाही बाबा.”

“अरे, गप्प बस. माझं वाक्य मला ओळखू येत नाही का?”

ते खुर्चीत बसले आणि मोठ्याने रडले. बायको गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. मग त्यांनी दाराकडे हात पुढे केला. शिष्या आली. त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळव्यात ठेवली, आणि तो तळवा आपल्या कपाळाला लावून धरला. माफी मागायला त्यांच्याकडे दोन भाषांमधले शब्द होते. त्यांतला एकही त्यांनी वापरला नाही.

“काकांना विचारू का?” शिष्येने चाचरत विचारलं. “काही करता येत असेल तर...”

“नाही. तिच्या मातीला हात लावायचा नाही. तिचेच शब्द आहेत, तिच्याजवळ राहू देत.” त्यांनी डोळे पुसले. “पण कोशात आता ‘ग’ येणार नाही. माझी बाजू मी पुन्हा लिहीन. तिची बाजू कोण सांगणार?”

मग मुलगा म्हणाला, “जमल.”

“काय?”

“उंट. आई जमल म्हणायची. उंच पोराला चिडवताना. मलाच म्हणायची.” तो रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. “पुलाला जिसर. भिंतीला जिदार, मी खेळताना भिंत खराब केली की ओरडायची. मला लिहिता येत नाही, बाबा. पण बोलायचं म्हणाल तर मला दुसरं काही तिच्याशी बोलताच यायचं नाही.”

कोशकारांनी त्याच्याकडे पाहिलं. ज्या पोराला परीक्षेत कायम नापास केलं, त्याच्याकडे पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं.

“बस,” ते खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले. “बेटा, बस तिथे.”

शिष्येने कागद कापायला घेतले. जमल झालं, जिसर झालं, जिदार झालं. मुलाला मधेच आठवायचं नाही, मग तो डोळे मिटायचा, आईचा एखादा राग आठवायचा आणि रागातून शब्द सापडायचा. फौजदारबाई कडेला उभ्या होत्या. आपलं काम झालं, आता निघावं, असं त्यांनी स्वतःला दोनतीनदा सांगून पाहिलं.

“एक विचारू का?” शेवटी त्या म्हणाल्या. “जिन्यात भेटल्या की बाई मला एक हाक मारायच्या. जारती. लाडाची होती की शिवी, कधी विचारलंच नाही. तोही ‘ग’मधलाच का?”

मुलाने मान वर केली. “जार म्हणजे शेजारी. जारती, माझी शेजारीण.”

“आणि हिब्रूत त्याचा भाऊ आहे ‘गेर’,” कोशकार म्हणाले. “बाहेरून येऊन राहिलेला, परका. शब्द तोच. इकडे परका राहिला, तिच्या भाषेत गेला तो शेजारी झाला.” त्यांनी बाईंकडे पाहिलं. “‘जार’ आमच्याकडे होता. ‘जारती’ नव्हता. मला ती हाक कशाला मारेल?”

शिष्येने नवं कार्ड ओढलं. एका बाजूला गेर लिहिलं, दुसऱ्या बाजूला जार आणि त्याखाली जारती. मग कोपऱ्यापाशी पेन थांबलं.

“कोणाच्या तोंडून मिळाला म्हणून लिहू?”

“मी नुसता ऐकलाय गं,” फौजदारबाई घाईघाईने म्हणाल्या. “बोलणारी तीच.”

कोशकारांनी मान हलवली. शिष्येने कोपऱ्यात म्हातारीची जुनी खूण केली आणि कार्ड खालच्या खणात ठेवलं. खण बंद करताना तो अजून फार हलका होता, म्हणून मुलाने दुसरा हात लावून तो हळू लोटला.